रिलीव्हर येईपर्यंत

आधी तारखा सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा नेमक्या त्याच कुणी सांगत नव्हतं. घरच्या अडचणीमुळे घराजवळ बदली मागायची, ह्याला फौजेत ‘कंपॅशनेट ग्राउंडवर पोस्टिंग’ म्हणतात. तो अर्ज आमच्या ह्यांनी युनिटमध्ये दिला २४ नोव्हेंबर २०२३ ला आणि हे घरी पोचले २९ जून २०२४ ला. सात महिने पाच दिवस. कुणाचं लवकर होतं, कुणाचं होतच नाही.

युनिट, शाखा, नेमकी जागा लिहिणार नाही. ती लिहायची नसते. हवालदार आहेत, सतरा वर्षं सेवा झाली होती आणि तेव्हा लडाखमध्ये उंचावर होते, एवढं पुरे. खालचं सगळं जवान-हवालदारांच्या बाजूचं आहे, अधिकाऱ्यांचा मार्ग वेगळा असतो. घरच्यांची नावंही बदलली आहेत.

आम्ही ग्वाल्हेरचे, लष्करात राहणारे. बाहेरगावच्या लोकांना हे समजावताना नेहमी गोंधळ होतो. मी लष्करात राहते आणि नवरा लष्करात आहे, पण एकत्र नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ दिला, तो पुन्हा उठलाच नाही, त्याचंच शहर झालं, म्हणून ‘लष्कर’. शेजारी कंपू, पलीकडे शिंदे की छावनी. पत्त्यात सगळी फौज, घरात मात्र सासूसासरे, मी आणि सात वर्षांचा मुलगा.

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार, पहाटे साडेपाच. आईंनी हाक मारली. बाबांच्या तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती आणि डावा हात पलंगाखाली लोंबत होता. शेजारच्या काकांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न: ‘कधीपासून?’ रात्री दहाला जेवून झोपले तेव्हा ठीक होते, पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे किती तास गेले ते सांगताच येईना, म्हणून ते इंजेक्शन नाही. मेंदूचा झटका, डावी बाजू गेलेली.

ह्यांच्या पोस्टवर मोबाईलला रेंज नव्हती. आठवड्यातून दोनदा तेच फोन करायचे. पण सुट्टीवरून जाताना एका वहीच्या मागच्या पानावर रिअर पार्टीचा, म्हणजे युनिटची जी थोडी माणसं मागे असतात त्यांचा नंबर लिहून ठेवायची ह्यांची सवय. तो लावला. पलीकडच्याने नंबर, रँक, नाव विचारलं आणि म्हणाला, ‘भाभीजी, मैसेज पास हो जाएगा.’ दुपारी एक वाजता ह्यांचा फोन आला. हा एक नंबर फ्रिजवर लावून ठेवा. माझ्या ओळखीच्या तीन घरांत तो कुणाकडेच नाही.

हे ७ तारखेला पोचले. पोस्टवरून लेहपर्यंत दीड दिवस गाडीने, लेह ते दिल्ली स्वतःच्या खर्चाने विमान, ९,२०० रुपये, आणि पुढे रेल्वे.

रजेचं गणित इथे सांगते. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते. कागदावर तीन महिने. ऐकणारे म्हणतात, ‘अरे वा, आम्हाला तर पंधरा दिवसही नाहीत.’ पण ती कधी मिळणार, हे पोस्टवर माणसं किती आहेत त्यावर. एक गेला की त्याची ड्युटी उरलेल्यांच्या डोक्यावर. त्यामुळे रजा मागताना ह्यांना घरापेक्षा त्या तिघाचौघांची जास्त लाज वाटते, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. ऑक्टोबरमध्ये ह्यांच्या वार्षिक रजेतले ३० दिवस शिल्लक होते. ते सगळे दिले.

चार दिवस खासगी रुग्णालयात काढले, बिल १,१८,००० झालं. मग डिपेंडंट कार्डावर, म्हणजे जवानावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या कार्डावर, बाबांना मुरारच्या एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात हलवलं. तातडीच्या वेळी जवळ जे असेल तिथे न्या, पण पहिल्याच दिवशी एमएचला कळवा आणि कार्ड, डिस्चार्ज पेपर, पावत्या एका फायलीत ठेवा. मी पहिले दोन दिवस फक्त रडत होते, कळवलं तिसऱ्या दिवशी.

१९ ऑक्टोबरला बाबा घरी आले. भाड्याचा फाउलर बेड, म्हणजे डोक्याची बाजू वर करता येणारा पलंग, महिना २,८००, एअर मॅट्रेस ३,६०० ला विकत, फिजिओथेरपिस्ट एका वेळेचे ४००. आणि एक सूचना, जिचा अर्थ मला नंतर कळला: दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा-रात्री, दर दोन तासांनी. हे घरी होते तोवर तेच करायचे, चादर पकडून एका झटक्यात. बाबांचं वजन तेव्हा ७४ किलो. माझं ४९.

ह्याच दिवसांत अर्जाची कागदपत्रं गोळा करायची होती. ह्यांच्या हेड क्लर्कसाहेबांनी फोनवर यादी दिली: तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यात ‘सतत देखभालीची गरज’ हे शब्द हवेतच, घरात दुसरा पुरुष माणूस नाही याचं शपथपत्र, तहसीलचा दाखला. पहिले दोन कागद आठवड्यात झाले. तिसऱ्यासाठी गेलो तर सगळं कार्यालय निवडणुकीच्या कामात. ९ ऑक्टोबरला मध्य प्रदेश विधानसभेची घोषणा झाली होती, मतदान १७ नोव्हेंबरला. पटवारी कुठे? प्रशिक्षणाला. बाबू? मतदान केंद्रांच्या यादीत. हे पाच वेळा गेले. तीस दिवसांतले पाच अर्धे दिवस तिथल्या बाकावर गेले, आणि कागद नाहीच. मला राग यायचा, ह्यांना यायचा नाही. ‘त्यांचीही ड्युटीच आहे,’ म्हणायचे. अशा वेळी ह्यांचं समजूतदार असणं सहन होत नाही.

४ नोव्हेंबरला हे निघाले. आठ दिवसांवर दिवाळी होती, पण रजा संपली होती.

आता जे सांगते ते ऐकून माझी आई अजून कपाळावर हात मारते. चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये हे वेळेवर हजर झाले. तिथून हवाई दलाचं विमान लेहला नेतं, आणि ते हवामानावर. चार दिवस विमान गेलंच नाही. रोज पहाटे सामान बांधून रांगेत, मग ‘आज कैन्सल’, पुन्हा बराकीत. ९ तारखेला लेह. तिथे पुन्हा सहा दिवस सक्तीचा आराम. उंचीवरून खाली येऊन इतके दिवस राहिलं की शरीर पुन्हा सवयीला लावावं लागतं: साधारण ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्याला सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्याही वर आणखी चार. घाई केली तर फुफ्फुसात पाणी होऊन माणूस दगावतो. नियम योग्यच आहे, त्यात वाद नाही. पण १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, नवरा लेहमध्ये हुकमाने पलंगावर बसून होता आणि मी इथे एका हाताने बाबांना धरून दुसऱ्या हाताने चादर ओढत होते. मुलगा फुलबाज्या घेऊन दारात उभा. ‘आई, कधी?’ ‘दोन मिनिटं.’ वीस मिनिटं लागली.

त्या रात्री डोक्यात जे आलं ते अजून गेलेलं नाही. फौजेने फुफ्फुसांसाठी दिवस मोजून ठेवले आहेत: सहा, चार, चार. सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर माणसाला साधारण तीन महिने ठेवतात, मग दुसरी तुकडी येते. पहाऱ्यावर दोन तास झाले की पुढचा येतो. त्याला रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, पण रिलीव्हर येतोच, आणि कधी येणार ते ठरलेलं असतं. थंडी, उंची, जोखीम ह्या सगळ्याला तारीख आहे. घरात रिलीव्हर नसतो. आणि तिकडे पोस्टवर असलेल्या माणसाच्या डोक्यावरचं हे दुसरं ओझं, घरी आपली ड्युटी कुणीतरी डबल करतंय हे, ते कुठल्याच रोस्टरमध्ये लिहिलेलं नसतं.

नणंदेचे यजमान वडोदऱ्याहून आले होते. ते म्हणाले, ‘वहिनी, त्याचे भत्ते मिळतात ना.’ मिळतात. सियाचीनला जवानाला तेव्हा महिना ३० हजार होते, जुलै २०१७ पासून. आमचे हे सियाचीनला नव्हते, त्यांचा भत्ता बराच कमी. पण त्यातून रात्रीचा अटेंडंट ठेवला, १२ तासांचे ५०० रुपये, हे खरं आहे आणि नाकारणार नाही. तीन आठवड्यांत तो दोनदा न सांगता आला नाही, हेही खरं. आईंनी त्यांना वेगळंच उत्तर दिलं: ‘पूर्वीच्या फौजा तरी बायकामुलं बरोबर न्यायच्या. पानिपतावर सुद्धा.’ पानिपतावर त्यांचं काय झालं हे कुणी बोललं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एक बातमी वाचल्याचं आठवत होतं, ती पुन्हा शोधून वाचली. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या संकेतस्थळावर एका कर्नलचा अभ्यास आला होता, निम्म्याहून जास्त सैनिक तीव्र तणावाखाली आहेत असं सांगणारा. लष्कराने नमुना फार छोटा असल्याचा आक्षेप घेतला, आणि तो मजकूर तिथून काढलाही गेला. माझं लक्ष टक्केवारीपेक्षा कारणांच्या यादीकडे गेलं. त्यात शत्रू, गोळीबार ह्यांच्याशिवाय दुसरी एक यादी होती: वारंवारच्या बदल्या, रजा न मिळणं, राहायच्या जागेची टंचाई. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्याच गोष्टी. ह्यांना फोनवर वाचून दाखवली. ‘हं,’ म्हणाले. फोन कट झाला. रेंजमुळे की कसा, विचारलं नाही.

एक दार उघडं होतं: पंधरा वर्षं झाली की जवानाची पेन्शन पक्की होते. हे स्वतःहून डिस्चार्ज मागू शकत होते. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि घरी. मीच नको म्हटलं. नायब सुभेदारी दोनेक वर्षांवर दिसत होती, आणि सदतिसाव्या वर्षी माणूस रागाने घरी बसला की तो राग कुणावर निघतो, हे मी माहेरी पाहिलंय. हा निर्णय बरोबर होता का, हे मला फेब्रुवारीपर्यंत रोज वाटायचं.

अर्ज २४ नोव्हेंबरला गेला. कंपनीतून वर, सीओसाहेबांचा, म्हणजे युनिटच्या प्रमुखांचा, इंटरव्ह्यू, मग युनिटचं पत्र ग्वाल्हेरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला: ह्या घराची पडताळणी करून कळवा. हे पत्र ५६ एपीओमधून, म्हणजे फौजेच्या पोस्ट ऑफिसातून, टपालाने येतं. मी त्याची वाट पाहत बसले नाही. अर्जाच्या तारखेनंतर दोन आठवड्यांनी स्वतः कार्यालयात जाऊन नंबर, रँक, नाव एका कागदावर देऊन आले. तुम्हीही तसंच करा. पत्र आल्यावर तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं.

२० डिसेंबरला पडताळणीला एक माजी सुभेदार स्कूटरवरून आले. साठीच्या पुढचे, मफलर, चहा नको म्हणाले. बाबांशी आधी बोलले; बाबांचे शब्द तेव्हा अर्धेच यायचे, तरी पूर्ण ऐकून घेतलं. भिंतीवर मी कूस बदलायचा तक्ता लावला होता, वेळ आणि सही. तो बराच वेळ पाहिला.

‘रात को कौन करता है?’

आई म्हणाल्या, ‘बहू.’

‘अकेली?’

मग त्यांनी बाबांचं वजन विचारलं, माझं विचारलं, आणि दोन्ही आकडे अहवालात लिहिले. मला ते त्या क्षणी अपमानास्पद वाटलं. नंतर ह्यांनी सांगितलं की सीओसाहेबांनी शिफारस लिहिताना तेच दोन आकडे उचलले. निवडणूक आटोपल्यावर तहसीलचा दाखलाही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, तोही पाठवला. म्हणून सांगते, ‘परिस्थिती अत्यंत बिकट आहे’ असं लिहून काही होत नाही. किती वेळा, किती तास, किती किलो, हे लिहा.

जानेवारीत फाइल रेकॉर्ड ऑफिसला गेली. जवानांच्या बदल्या तिथून होतात. ८ फेब्रुवारीला आक्षेप आला: सैनिकाच्या कागदांत आईचं नाव सुमती, शपथपत्रावर आणि आधारवर कुसुम. ही बाई कोण?

मराठी घरात ह्याचं नवल नाही. आईंचं माहेरचं नाव कुसुम. १९७९ साली लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात सुमती लिहिलं. शाळेत, शेजारात, मुलाच्या दाखल्यावर, आणि म्हणून ह्यांच्या भरतीच्या किंड्रेड रोलवर, म्हणजे घरच्यांच्या नावांच्या यादीवर, सुमती. पण त्यांचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र कुसुम, त्यावरून बँक, बँकेवरून आधार. पंचेचाळीस वर्षं दोन्ही नावं सुखाने नांदत होती. युनिटमधल्या क्लर्कने ह्यांना फोनवर विचारलं, ‘उस्ताद, सौतेली माँ हैं क्या?’

नोटरीकडे शपथपत्र: ‘कुसुम उर्फ सुमती ही एकच व्यक्ती असून.’ स्टॅम्प, टायपिंग, नोटरी मिळून ३५०. वर्तमानपत्रात जाहिरात, १,४००. मग ते सगळं युनिटला, आणि युनिटने नावाच्या दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर काढली. लग्न, मुलाचा जन्म, नावातला बदल, जवानाच्या घरात जे काही होतं ते त्या ऑर्डरवर चढल्याशिवाय फौजेच्या लेखी झालेलंच नसतं. ह्यात पाच आठवडे गेले. आई नोटरीच्या पायरीवर बसल्या होत्या, गुडघे धरून. म्हणाल्या, ‘तांदळात बोट फिरवलं तेव्हा नोटरी कुणी बोलावला होता?’ सही कुठल्या नावाने करायची, हे त्यांनी तीनदा विचारलं.

नवरा सुट्टीवर आला की एक संध्याकाळ काढा आणि किंड्रेड रोलवरची नावं, जन्मतारखा आधारशी ताडून पाहा. आजारपण आल्यावर हे करायला वेळ नसतो.

मार्च, एप्रिल. ह्या दोन महिन्यांचं सांगण्यासारखं काही नाही. फाइल ‘प्रोसेसमध्ये’ होती. बाबा आधाराने बसायला लागले, मुलगा दुसरीतून तिसरीत गेला, माझ्या पाठीत उसण भरली आणि आठवडाभर काकूंची सून रात्री येऊन मला चादर ओढायला मदत करत होती. तिचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही.

२१ मेला पोस्टिंग ऑर्डर आली. आम्ही तीन जागा मागितल्या होत्या, पहिली ग्वाल्हेर; मिळाली दुसरी, झाशी. रेल्वेने दीडेक तास. मी नाचले. मग ह्यांनी पुढचं सांगितलं: रिलीव्हर आल्यावर सुटका. बदली येणारा माणूस दक्षिणेतून निघणार, तो आधी लेहला सहा दिवस, मग चार, मग चार. तो आजारी तर नाही ना पडणार, त्याचं विमान तर नाही ना रद्द होणार, ह्याची काळजी मी महिनाभर केली. त्याच्याही घरी कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर नंबर लिहून घेतला असेल, हे लक्षात आलं तेव्हा देवापुढे त्याच्यासाठीही दिवा लावला. नाव माहीत नव्हतं, ‘रिलीव्हर’ म्हणूनच.

२९ जून, शनिवार, रात्री साडेनऊ. हे आले, बूट काढले, आणि सरळ बाबांच्या खोलीत गेले. चादर धरून उचलायला गेले तर ह्यांनी लावलेला जोर जास्तच ठरला, कारण बाबा तोवर ६१ किलोंवर आले होते. थोडा वेळ तसेच उभे राहिले.

झाशीला हजर व्हायला दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर भिंतीवरचा माझा तक्ता गायब आणि तिथे पट्टीने आखलेलं ड्युटी रोस्टर. २२०० ते ०६०० पूर्ण ह्यांच्या नावावर. दिवसाच्या दोन पाळ्या माझ्या, माझ्या नावापुढे ‘रिलीव्हर’. औषधं आणि चहा, इन्चार्ज: कुसुम उर्फ सुमती.

आईंनी चष्मा लावून वाचलं, पेन मागून घेतलं आणि त्यापुढे सही केली. कुठल्या नावाने, ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही.